गॅस संपला म्हणण्याआधी : घरच्या फ्रीजबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्रीजविषयी प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात सांगितलं होतं. आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं : "मेकॅनिक म्हणतो, गॅस संपलाय." म्हणून सुरुवात तिथूनच.

प्र. आमचा २६० लिटरचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज सहा वर्षांचा आहे. वर बर्फ व्यवस्थित होतो, पण खाली दूध दुसऱ्या दिवशी नासतं. वर्षभरात दोनदा गॅस भरून घेतला. दर वेळी आठ-दहा दिवस छान चालतो, मग पुन्हा तेच. (डोंबिवली)

उ. वर बर्फ होतोय आणि दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस बरे जातात, या दोन गोष्टींतच तुमचं उत्तर आहे. गॅस कमी असता तर वरही तक्रार असती. फ्रीजचा गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ब्रेझिंग करून (धातू वितळवून सांधून) बंद केलेल्या नळ्यांत तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी होतो फक्त गळतीने, आणि गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जातो.

मग आठ-दहा दिवस बरं का वाटलं? कारण दुरुस्तीसाठी फ्रीज कित्येक तास बंद होता. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंडावा देणारी कॉइल एकच असते, फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक पॅनलआड. तिथला छोटा पंखा थंड हवा थोडी फ्रीजरमध्ये आणि थोडी डक्टमधून खाली ढकलतो. हवेतलं बाष्प कॉइलवर गोठतं. ते वितळवायला कॉइलखाली हीटर असतो. तो दिवसातून दोन-तीनदा पंधरा ते तीस मिनिटं चालतो आणि पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं. हीटरचं हे काम, म्हणजे डीफ्रॉस्ट, थांबलं की कॉइलभोवती बर्फाची भिंत उभी राहते. पंख्याला हवा ओढता येत नाही. फ्रीजर त्या भिंतीला लागूनच असल्याने गार राहतो, खालचा कप्पा मात्र उपाशी. बंद असताना ती भिंत वितळली, तुम्हाला वाटलं गॅसने काम केलं.

खात्री घरीच करता येते. फ्रीज रिकामा करा, प्लग काढा आणि दोन्ही दरवाजे उघडे ठेवून पूर्ण २४ तास जाऊ द्या. रात्रीचे सात-आठ तास पुरत नाहीत, पॅनलआडचा बर्फ हळू वितळतो. खाली जुनी चादर अंथरा आणि मागचा ट्रे एक-दोनदा ओता. पुन्हा चालू केल्यावर तारीख लिहून ठेवा. सहा-आठ तासांत खालचा कप्पा गार झाला आणि पाच ते पंधरा दिवसांनी पुन्हा कोमट झाला, तर दोष डीफ्रॉस्टमध्येच आहे. पहिल्या दिवसापासूनच खाली गार होत नसेल तर पंखा किंवा डॅम्पर (खाली जाणाऱ्या हवेची झडप) बघायचा. दरवाजाचं बटण बोटाने दाबून धरा, कंप्रेसर चालू असताना पंख्याचा आवाज यायला हवा.

आता मेकॅनिकला "गॅस बघा" म्हणू नका, "डीफ्रॉस्ट बघा" म्हणा. त्याने प्लग काढून मल्टिमीटरने चार वस्तू तपासायच्या. पहिला हीटर. २३० व्होल्टचा १५० वॉटचा हीटर असेल तर रोध साधारण ३५० ओहम यावा. काहीच रीडिंग आलं नाही तर तो तुटलाय. दुसरा थर्मल फ्यूज (फार तापल्यास हीटर तोडणारा), दोन टोकांत जवळपास शून्य ओहम दाखवायला हवा. तिसरा बायमेटल (गारव्याने जोडला जाणारा स्विच), आणि चूक बहुतेकदा इथे होते. साध्या तापमानाला तो उघडाच असतो, म्हणून "खराब आहे" सांगून बदलला जातो. चुरलेल्या बर्फात एक तृतीयांश मीठ मिसळून त्यात तो दहा मिनिटं ठेवा. जोडला गेला तर चांगला आहे. चौथा टायमर (हीटर कधी लावायचा ते ठरवणारा), तो मात्र फ्रीज चालू ठेवून. जुन्या मॉडेलमध्ये त्याचा दांडा स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवला की एका जागी 'टक्' होतं, कंप्रेसर बंद पडतो आणि हीटर सुरू होतो. तिथून तो अर्ध्या तासात आपोआप पुढे सरकला नाही तर टायमर अडकलाय. नव्या मॉडेलमध्ये टायमरच्या जागी सेन्सर आणि पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) असतात. सेन्सर स्वस्त, पीसीबी महाग, म्हणून आधी सेन्सर तपासून घ्या.

प्र. खरोखरच गॅस भरायची वेळ आली तर काम नीट झालं हे कसं ओळखायचं? (सोलापूर)

उ. आधी गॅस कमी झाल्याची खरी लक्षणं. कंप्रेसर थांबतच नाही, मागची जाळी किंवा बाजूचे पत्रे जेमतेम कोमट, वर-खाली दोन्हीकडे थंडावा कमी. पॅनल उघडल्यावर कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वळणांवरच बर्फ आणि पुढची वळणं कोरडी. कॅपिलरी (कॉइलला गॅस पुरवणारी बारीक नळी) चोक झाली, म्हणजे तुंबली, तरी चित्र असंच दिसतं. आत ओलावा राहून झालेल्या चोकची खूण वेगळी : काही तास छान थंड, मग अचानक बंद, आणि प्लग काढून तासाभराने लावला की पुन्हा सुरू. कॅपिलरीचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं, पाण्याचा एक थेंब गोठला तरी बुजतं.

कंप्रेसरवर किंवा फ्रीजच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. भारतात पूर्वी आर-१२ असायचा. ओझोनला घातक म्हणून तो गेला आणि आर-१३४ए आला. आता बहुतेक नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. जो छापलाय तोच भरायचा. "सगळे सारखेच" म्हणत आर-६००एच्या कंप्रेसरमध्ये दुसरा गॅस भरणारा माणूस दारातूनच परत पाठवा.

काम असं व्हायला हवं. उरलेला गॅस काढून नळ्यांत कोरडा नायट्रोजन साधारण १५० पीएसआय दाबाने भरायचा, सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि दाब अर्धा तास टिकतो का पाहायचं. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कदापि नाही. कंप्रेसरमधल्या तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. गळती सापडली की ती ब्रेझिंगने बंद. नळी कापली की फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा टिपणारी कुपी) नवा टाकायचाच, जुना पुसून परत बसवायचा नाही. मग नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढायला व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास. पाच मिनिटांत उरकलेला व्हॅक्यूम म्हणजे पुढच्या चोकची पेरणी. शेवटी गॅस वजनकाट्यावर. आर-१३४एमध्ये पाच-सात ग्रॅमचा फरक खपून जातो. आर-६००ए मुळात ४०-६० ग्रॅमच्या आसपास असतो, तिथे 'हाताच्या अंदाजाने' भरणं चालत नाही.

आर-६००ए ज्वलनशील आहे, ब्युटेन हा आपल्या सिलिंडरच्या गॅसचाही घटक आहे. फ्रीजमध्ये त्याचं प्रमाण कमी असल्याने रोजच्या वापरात भीती नाही. दुरुस्तीच्या वेळी मात्र खिडक्या उघड्या, शेगडी आणि देवापुढचं निरांजन बंद, आणि नळी गॅसच्या टॉर्चने न तापवता कटरने कापायची. बिलावर गॅसचा प्रकार, ग्रॅम, ड्रायर बदलल्याची नोंद आणि गळती कुठे होती हे लिहून घ्या. "गळती सापडली नाही पण गॅस भरला" असं बिल म्हणजे पुढच्या भेटीचं आमंत्रण.

प्र. नव्या फ्रीजच्या दोन्ही बाजू इस्त्रीसारख्या तापतात. मे महिन्यात तर हात लाववत नाही. बिघाड आहे का? (नागपूर)

उ. नाही. जुन्या फ्रीजच्या मागे काळी जाळी असायची, ती आता बाजूंच्या पत्र्यांआड गेली आहे. आतली उष्णता तिथून बाहेर पडते. बाजू गार असतील तर उलट काळजी करा. भिंतीपासून दोन्ही बाजूंना निदान पाच-सात सेंटिमीटर आणि मागे दहा सेंटिमीटर जागा सोडा. फ्रीजवरचं खिसे असलेलं कव्हर बाजूंवर लोंबत असेल तर काढून टाका, ते भर उन्हाळ्यात फ्रीजला घातलेलं स्वेटर आहे.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट बघावी. पट्टीवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. विदर्भात 'टी'च घ्यावा. तरीही पत्र्याच्या छपराखालचं स्वयंपाकघर ४३च्या वर गेलं तर दुपारी कंप्रेसर थांबणार नाही. तेव्हा बर्फाचे ट्रे, पाण्याच्या बाटल्या रात्री भरून ठेवा, दुपारी दोनला नव्हे.

प्र. सिंगल डोअर फ्रीजमध्ये बर्फाचा डोंगर होतो. डीफ्रॉस्टचं बटण दाबलं तर रात्र जाते, म्हणून सुरीने काढते. चालेल का? (कराड)

उ. सुरी आजच बंद करा. सिंगल डोअरमध्ये फ्रीजरचा ॲल्युमिनियमचा कप्पा हीच कॉइल असते. दोन पातळ पत्रे एकमेकांवर दाबून त्यांच्या मधल्या पोकळीतून गॅस फिरवलेला असतो. सुरीचं टोक गेलं आणि 'फुस्स' झालं की फ्रीज बसला. त्या पत्र्यावरचं पॅचिंग बऱ्याचदा टिकत नाही आणि कप्पा बदलायचा खर्च जुन्या फ्रीजला परवडत नाही. कधी तसं झालंच तर कोणतंही बटण चालू-बंद करू नका, शेगडी बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा.

बर्फ बोटाच्या पेराएवढा होईपर्यंत थांबूच नका. पाच-सहा मिलिमीटरचा थर झाला की डीफ्रॉस्ट करायचा. जाड बर्फ थंडावा वाढवत नाही, अडवतो. घाई असेल तर प्लग काढा, फ्रीजरमध्ये घडी केलेल्या फडक्यावर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी बदला. तासाभरात लाद्या हाताने सुटून येतात. खालचा चिल ट्रे आधी रिकामा करून जागेवर ठेवा, म्हणजे पाणी भाज्यांवर गळणार नाही. शेवटी आतून कोरडं पुसून मगच चालू करा. ओल्या पत्र्यावर पहिला बर्फ लगेच धरतो.

बटणाबद्दल एक जास्तीची सूचना. ते दाबलं की कंप्रेसर थांबतो आणि बर्फ वितळल्यावर आपोआप बाहेर येतं. कधीकधी ते आतच अडकतं. "फ्रीज मेला, दिवा लागतो पण मशीन चालत नाही" असा फोन करण्याआधी थर्मोस्टॅटचा नॉब एकदा शून्यावर नेऊन परत फिरवा. बर्फ महिन्यात दोनदा होत असेल तर दोष बर्फाचा नाही, दरवाजाच्या रबराचा आहे. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

प्र. दरवाजा लागतो, पण रबर काळं पडलंय आणि कोपऱ्यात फुगलंय. बदलायलाच हवं का? (नाशिक)

उ. आधी तपासा. दहा रुपयांची नोट दरवाजात अडकवून हलकेच ओढा. चारही बाजूंना मिळून दहा-बारा ठिकाणी हे करा, बिजागरीची बाजू विसरू नका. अडखळत आली तर ठीक, सहज निसटली तर तिथून हवा जाते. रात्री दिवे मालवून आत पेटती टॉर्च ठेवली तरी फट दिसते.

मग धुवा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. काळ्या बुरशीला व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. फुगलेल्या कोपऱ्यावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पाच मिनिटं दाबून धरा, रबर मऊ होईल. बोटाने बाहेर ओढून आकार द्या आणि दरवाजा रात्रभर बंद ठेवा. बिजागरीच्या बाजूला रबर मुडपत असेल तर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. चिरलं असेल किंवा आतली चुंबकाची पट्टी तुटली असेल तरच नवं घ्या. घेताना जुन्याचं माप खाचेपासून खाचेपर्यंत मिलिमीटरमध्ये घ्या. घडी होऊन आलेलं नवं रबर कडकडीत नव्हे, पण चांगल्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून सरळ करूनच बसवा.

फ्रीजचे पुढचे दोन पाय फिरवून पुढची बाजू किंचित उंच ठेवली की अर्धा उघडा दरवाजा आपोआप मिटतो. रबर चांगलं असूनही बर्फ होणाऱ्या अनेक घरांत हे पाय कोणी फिरवलेलेच नसतात.

प्र. संध्याकाळी दिवे मंद झाले की फ्रीज 'टक्' करतो, घुंई करतो, परत 'टक्'. असं दर तीन-चार मिनिटांनी. (बार्शीजवळील गाव)

उ. कंप्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, जमत नाही, आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला वाचवण्यासाठी लाइन तोडतोय. ती 'टक्' त्याची. प्रत्येक प्रयत्नात कंप्रेसर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो आणि वाइंडिंग (मोटरच्या तारांचं वेटोळं) तापतं. असं रात्रभर चाललं तर वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. त्या वेळी प्लग काढून ठेवा.

व्होल्टेज मोजा. १८०च्या खाली जात असेल तर फ्रीजचा स्टॅबिलायझर लागणारच. घेताना तो १३० किंवा १४०पासून पुढे चालतो का आणि त्यात तीन मिनिटांचा टाइम डिले आहे का, हे बघा. डिले महत्त्वाचा आहे. लाइट जाऊन लगेच आली की नळ्यांतला दाब अजून समान झालेला नसतो आणि त्या दाबाविरुद्ध कंप्रेसर उठू शकत नाही. इन्व्हर्टर कंप्रेसरचे फ्रीज हळू वेगाने उठतात, त्यामुळे त्यांच्यावर 'स्टॅबिलायझर नको' असं लिहिलेलं असतं. पण तिथेही व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते, ती वाचा.

व्होल्टेज २२०-२३० असूनही 'टक्' होत असेल तर कंप्रेसरच्या अंगावरचा रिले (त्याला सुरू व्हायला मदत करणारा स्विच) बघायचा. प्लग काढून मेकॅनिकने तो उपसून कानाजवळ हलवावा. आत खुळखुळ वाजलं तर आतली चकती फुटली आहे, शे-दोनशेचं काम. रिले चांगला असेल तर वाइंडिंग मोजायचं. कंप्रेसरच्या तीन पिनांत दोन-दोनची जोडी धरून तीन रीडिंग येतात आणि सगळ्यांत मोठं रीडिंग उरलेल्या दोघांच्या बेरजेइतकं असायला हवं. उदाहरणार्थ १२, १८ आणि ३० ओहम. कोणतीही पिन आणि कंप्रेसरचं बॉडी यांच्यात मात्र काहीच रीडिंग येता कामा नये. एवढं सगळं बरोबर असूनही उठत नसेल तरच कंप्रेसर जाम आहे असं मानायचं.

प्र. भाजीच्या ड्रॉवरखाली रोज वाटीभर पाणी साठतं. (पुणे, सिंहगड रोड)

उ. ड्रेनची नळी तुंबली आहे. कोथिंबिरीचं पान किंवा दाण्याच्या कुटाची साकळलेली बुरशी, बहुतेकदा एवढंच असतं. सिंगल डोअरमध्ये आतल्या मागच्या भिंतीवर खाली छोटं भोक दिसतं, फ्रॉस्ट फ्रीमध्ये ते फ्रीजरच्या पॅनलआड असतं. ५० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या, कोमट पाणी भरा आणि भोकात दाबून सोडा. नाही गेलं तर मत्स्यपेटीची बारीक लवचिक नळी आत सरकवून परत पाणी. लोखंडी तार घालू नका, नळी आत फाटली तर पाणी इन्सुलेशनमध्ये मुरतं आणि फ्रीज कायमचा नासतो. पाणी काही सेकंदांत मागच्या ट्रेमध्ये यायला हवं. येत नसेल तर मागून नळीचं खालचं टोक बघा, तिथे रबराची चिंचोळी चोच असते आणि कचरा तिथेच धरतो.

तो मागचा ट्रे आठवड्याला रिकामा करून खरवडून धुवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एरवी कंप्रेसरच्या उबेने ट्रेमधलं पाणी आटतं, पावसाळ्यातल्या दमट हवेत आटत नाही.

प्र. जुलै २०२१च्या पुरात खालच्या मजल्यावरचे फ्रीज तरंगत होते. असं पुन्हा झालं तर फ्रीज वाचवता येतो का? (चिपळूण)

उ. बऱ्याचदा येतो, जर घाईने चालू केला नाही तर. कंप्रेसर पोलादी कवचात सीलबंद असतो, त्यात पाणी शिरत नाही. मरतात ते बाहेरचे भाग : रिले, ओव्हरलोड, वायरचे सांधे, पीसीबी, पंख्याची मोटर.

पाणी चढू लागलं तर मेन स्विच बंद करून प्लग काढा. वर न्यायला माणसं असतील तर उभाच न्या. नसतील तर दोरीने खिडकीच्या गजाला बांधा. आतल्या हवेमुळे फ्रीज खरंच तरंगतो, आणि आडवा होऊन आपटला की मागच्या नळ्या तुटतात.

पाणी उतरल्यावर चिखल वाळू देऊ नका. ओलाच असताना स्वच्छ पाण्याच्या मंद धारेने मागची बाजू, कंप्रेसरची जागा आणि रबराची खाच धुऊन काढा. आतलं अन्न सगळं टाकून द्या, डबाबंद असलं तरी. आतून आधी साबण, मग एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा घरगुती ब्लीच घालून पुसा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नका, विषारी वायू होतो. आडवा पडला होता तर २४ तास उभा ठेवा, तेल कंप्रेसरमध्ये परत उतरायला हवं. तीन-चार दिवस पंख्याखाली वाळवा. रिले आणि ओव्हरलोड नवेच घाला, ते स्वस्त आहेत. चालू करण्याआधी वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या. कंप्रेसरची पिन आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन किमान २ मेगाओहम दाखवल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

सिंगल डोअर या सगळ्यातून बहुतेक वेळा तरतो. फ्रॉस्ट फ्रीच्या डक्टमध्ये गाळ शिरला असेल तर पॅनल काढून धुण्याचा खर्च आधी विचारा. आणि महिन्याभराने बाहेरच्या पत्र्याला खालच्या बाजूला सतत घाम येऊ लागला तर इन्सुलेशन भिजलंय असं समजा. त्यावर इलाज नाही, पैसे घालू नका.

प्र. गणपतीला दहा दिवस गावी जातो. फ्रीज बंद करावा की चालू ठेवावा? (ठाणे)

उ. विजेसाठी बंद करणार असाल तर हिशोब करा. लेबलवर वर्षाला १५० युनिट लिहिलेल्या फ्रीजला दहा दिवसांत चार युनिट लागतात. प्रश्न अन्नाचा आहे. आत नासण्यासारखं काही नसेल तर बंद करा : पूर्ण रिकामा, डीफ्रॉस्ट, कोरडा, आणि दरवाजात नॅपकिनची गुंडाळी अडकवून फट ठेवलेली. बंद दरवाजाआड दहा दिवसांत बुरशी धरते आणि तो वास महिनाभर जात नाही.

चालू ठेवायचा असेल तर वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. बर्फात बुडालेलं दिसलं तर मध्ये लाइट बराच वेळ गेली होती, फ्रीजरमधले मासे-मटण टाकून द्या. चार तासांपर्यंत दरवाजा न उघडलेला फ्रीज तग धरतो.

प्र. सोडे आणि सुकटीचा वास फ्रीजभर झालाय. शिवाय समुद्राजवळ असल्याने खालून गंज चढतो. (मडगाव)

उ. सुकी मासळी काचेच्या बरणीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. प्लास्टिक वास पिऊन घेतं, पिशवी तर वास अडवतच नाही. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून आतून पुसा. रबराची खाच, ड्रेनचं भोक आणि मागचा ट्रे या तीन जागा राहिल्या तर सगळी मेहनत फुकट. फ्रीजरमधला जुना बर्फ फेकून द्या, त्यातही वास मुरलेला असतो. मग वाटीभर लाकडी कोळसा चार-पाच दिवस ठेवा. लिंबाची फोड वास झाकते, काढत नाही.

गंजासाठी फ्रीज स्टँडवर घ्या, खालून हवा खेळू द्या. गंजलेली जागा पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साईडचा हात द्या आणि वाळल्यावर रंग. मागच्या नळ्यांवर मात्र पॉलिश पेपर लावू नका, त्यांची भिंत पातळ असते. तिथली धूळ दर तीन महिन्यांनी कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने नव्हे. किनाऱ्यावर दुसरी गळतीची जागा दरवाजाच्या चौकटीत असते. रबरावर दव धरू नये म्हणून तिथून गरम गॅसची नळी फिरवलेली असते आणि ती आतून गंजते. चौकट नेहमीसारखी कोमट लागेनाशी झाली तर मेकॅनिकला आवर्जून सांगा. ती नळी वगळून बाहेरून जोडणी करता येते. कप्पा बदलण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं.

प्र. फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात. (लातूर)

उ. अर्थिंग नाही. प्लगची जाड पिन कापलीय का, किंवा टू-पिनचा जोड लावलाय का, ते बघा. वायरमनने सॉकेटमध्ये मोजावं : फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ पाच व्होल्टच्या आत. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. अर्थिंगची वायर नळाच्या पाइपला बांधणं हा उपाय नाही, शेजाऱ्याला शॉक देण्याची सोय आहे. तोवर चपला घालूनच फ्रीज उघडा आणि मुलांना लांब ठेवा.

प्र. रात्री फ्रीजमधून कडकड, गुडगुड असे आवाज येतात. काही गडबड आहे का? (इचलकरंजी)

उ. कडकड म्हणजे थंड-गरम होताना प्लास्टिक आणि पत्रा आकसतो-प्रसरतो. कंप्रेसर थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं येणारी गुडगुड, शिट्टीसारखी सुस्कार ही नळ्यांतला दाब समान होत असल्याची. घरघर पंख्याची असेल आणि दरवाजा उघडल्यावर थांबत असेल, तर पंखा बर्फाला घासतोय, डोंबिवलीचं उत्तर वाचा. ठोके बसल्यासारखा आवाज फक्त सुरू होताना आणि थांबताना येत असेल तर पाय समपातळीत आहेत का आणि मागचा ट्रे पत्र्याला टेकलाय का, ते बघा. गुडगुड मात्र येऊ द्या. गॅस पूर्ण गळून गेलेला फ्रीज असा बोलत नाही.